पण बाबा तर ठणठणीत दिसत होते!

प्रश्न : ताई, नमस्कार. माझे बाबा ७४ वर्षांचे, शुगर आणि बीपी दोन्ही आहे. गोळ्यांसाठी आठवड्याच्या खान्यांचा डबा केलाय. मागच्या आठवड्यात रात्री साडेआठला आईच्या लक्षात आलं की पुढच्या दोन दिवसांचे सकाळचे खानेही रिकामे आहेत, म्हणजे बाबांनी गोंधळून संध्याकाळी दोन दिवसांच्या जादा गोळ्या घेतल्या. दादा लगेच हॉस्पिटलमध्ये घेऊन गेला. शुगर १३०, बीपी ठीक, बाबा डॉक्टरांशी मस्त गप्पा मारत होते. डॉक्टर म्हणाले निदान २४ तास ठेवू. दादा म्हणाला माणूस ठणठणीत आहे, कशाला उगीच, बाबांनाही राहायचं नव्हतं, शेवटी सही करून साडेअकराला घरी आणलं. पहाटे पाचला बाबा घामाने चिंब, काहीतरी असंबद्ध बोलतायत, मला ओळखलंच नाही. शुगर ३८. परत नेलं, ग्लुकोज चढवल्यावर शुद्धीवर आले पण दोन-तीन तासांनी शुगर पुन्हा खाली. दोन दिवस ठेवून सोडलं, आता बरे आहेत. गोळ्या संध्याकाळी घेतल्या तर त्रास पहाटे कसा? ग्लुकोज देऊनही शुगर परत का पडली, हॉस्पिटलने हलगर्जी केली का? अजून काही बाहेर येईल का? आणि दादा कोणाशी धड बोलत नाहीये, आई त्याला येता-जाता ऐकवते. काय करू?

उत्तर :

आधी तुझ्या सगळ्यात मोठ्या भीतीचं बोलते. तू डब्यातल्या गोळ्यांची यादी पाठवलीस ते फार बरं केलंस. शुगरची ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, बीपीची अ‍ॅम्लोडिपिन आणि मेटोप्रोलॉल, बस्स, एवढंच आहे त्यात. या गोळ्यांचा त्या दिवशी जो जादा डोस पोटात गेला त्याचा असर आठ दिवसांनी उरत नाही. हॉस्पिटलमध्ये दोन दिवस नजरेखाली होते, शुगर स्थिर झाल्यावर सोडलंय, तेव्हा त्या रात्रीचं काही आता नव्याने बाहेर येणार नाही. डॉक्टरांनी किडनीची टेस्ट सांगितली असेल तर ती मात्र करून घे, का ते पुढे सांगते.

आता संध्याकाळची गोळी पहाटे कशी नडली. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही सगळी एका कुळातली औषधं, ती पॅनक्रियाजला इन्सुलिन सोडायला लावतात. रक्तात साखर किती आहे हे बघून ती थांबत नाहीत, साखर कमी असली तरी इन्सुलिन सुटतच राहतं. संध्याकाळी बाबा जेवले होते, त्या जेवणाची साखर रक्तात येत होती म्हणून दहा वाजता मीटरवर १३० दिसलं. तो १३० चा आकडा खरा होता, पण तो फक्त दहा वाजताचा होता. नंतर बाबा झोपले, पोटात नवीन काही गेलं नाही, इन्सुलिन आपलं चालूच, आणि पहाटेपर्यंत साखर घसरत घसरत ३८ वर आली. या गोळ्यांचा जादा डोस झाला की शुगर पडायला कधी आठ-दहा तास लागतात, कधी त्याहून जास्त, आणि एकदा पडायला लागली की एक दिवस, कधी त्याहूनही जास्त पडत राहते. किडनी थकलेली असेल तर औषध शरीरातून बाहेर पडायला अजून वेळ, म्हणून ती टेस्ट. डॉक्टरांनी २४ तास म्हटलं ते उगाच घाबरवायला किंवा बिल वाढवायला नव्हतं. रात्रीची झोप आणि उपाशीपोट हाच सगळ्यात धोक्याचा काळ असतो आणि नेमका तोच काळ त्यांना नजरेखाली काढायचा होता.

अजून एक गोष्ट. मेटोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या शुगर पडल्याची खूण झाकतात. शुगर पडली की हात थरथरतात, छातीत धडधडतं, माणसाला स्वतःलाच कळतं की काहीतरी होतंय. बीटा ब्लॉकरवर असलेल्या माणसाला ही धडधड थरथर कमी जाणवते, घाम मात्र येतो. बाबांनी रात्री कोणाला उठवलं नाही याचं आश्चर्य वाटून घेऊ नकोस, त्यांना कळलंच नसेल, आणि झोपेत तर कोणालाच नीट कळत नाही.

ग्लुकोज देऊनही शुगर परत पडली ही हलगर्जी नाही, हा त्या औषधाचाच स्वभाव आहे. ग्लुकोज चढवलं की साखर वर जाते, वर गेलेली साखर बघून आधीच चेकाळलेलं पॅनक्रियाज अजून इन्सुलिन सोडतं, आणि दोन-तीन तासांत पुन्हा खाली. म्हणून एकदा शुगर वर आली म्हणजे झालं असं धरत नाहीत, दर थोड्या वेळाने बोट टोचून बघत राहतात. अशा वेळी ऑक्ट्रिओटाइड नावाचं इंजेक्शनही देतात, ते पॅनक्रियाजचं इन्सुलिन सोडणं दाबून धरतं. दिलं असेल तर तुझ्या फाइलमध्ये नाव सापडेल.

आता हे फक्त शुगरच्या गोळ्यांपुरतं नाहीये म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण तुझ्या पत्रातलं "माणूस ठणठणीत आहे, कशाला उगीच" हे वाक्य कॅज्युअल्टीत काम करताना मी इतक्या नातेवाइकांच्या तोंडून ऐकलंय की ते ऐकलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो. जादा गोळ्या गेलेला माणूस पहिले काही तास बरा दिसतो यावरून तो सुटला असं काहीच कळत नाही. काय घेतलं, किती घेतलं, कधी घेतलं आणि रक्ताच्या टेस्ट काय म्हणतात, या चार गोष्टींवर ठरतं. चेहऱ्यावर नाही ठरत.

पॅरासिटामॉल घे. सगळ्यांच्या घरात असतं, लोक त्याला साधी तापाची गोळी म्हणतात, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या अंगदुखीच्या, दातदुखीच्या, सर्दीच्या कितीतरी मिक्स गोळ्यांतही ते असतंच. याचा जादा डोस झाला तर पहिल्या २४ तासांत काय होतं? बऱ्याचदा काहीच नाही. थोडं मळमळतं, एखादी उलटी, घाम, बस्स. दुसऱ्या दिवशी तर तेही थांबतं आणि घरचे म्हणतात चला, सुटलो. आतमध्ये मात्र वेगळंच चाललेलं असतं. लिव्हर पॅरासिटामॉलचा थोडासा भाग एका विषारी पदार्थात बदलतं आणि ग्लुटाथिओन नावाचं लिव्हरमधलंच द्रव्य त्या विषाला निष्प्रभ करतं. डोस नेहमीचा असेल तर हा हिशोब बरोबर जुळतो. डोस जास्त झाला की ग्लुटाथिओन संपतं आणि ते विष थेट लिव्हरच्या पेशी मारायला लागतं. एक ते तीन दिवसांच्या मधे उजव्या बरगडीखाली दुखायला लागतं, लिव्हरचे एन्झाइम रिपोर्टमध्ये चढतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, रक्त न गोठणं, गुंगी असं सगळं एकदम समोर येतं. इथपर्यंत थांबलेल्या माणसाला बघणं फार वाईट असतं, कारण याच्यावर उतारा आहे आणि तो चांगला उतारा आहे. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, १९७० च्या दशकापासून वापरात आहे, ते लिव्हरला पुन्हा ग्लुटाथिओन बनवायला मदत करतं, आणि गोळ्या घेतल्यापासून ८ तासांच्या आत सुरू झालं तर लिव्हर जवळपास नक्की वाचतं. नंतरही देतात, नंतरही उपयोग होतो, पण ते पहिले ८ तास सोन्याचे, आणि त्या ८ तासांत पेशंट बरा दिसत असतो. आलं ना लक्षात? त्रास व्हायची वाट बघत बसलं तर उपचाराची उत्तम वेळच निघून जाते.

त्यातही रक्तातली पॅरासिटामॉलची लेव्हल गोळ्या घेतल्यानंतर ४ तास झाल्यावरच धरतात, त्याआधीच्या आकड्यावर ठरवता येत नाही. १९७५ साली रुमॅक आणि मॅथ्यू या दोघांनी एक आलेख छापला, किती तासांना किती लेव्हल असेल तर धोका ते दाखवणारा, आजही डॉक्टर त्याच धर्तीचा आलेख बघतात. म्हणजे हॉस्पिटलवाले "चार तास होऊ द्या मग रक्त घेतो" म्हणाले तर ते टाळाटाळ करत नाहीत. आणि ज्यांनी एकदम नाही तर दात दुखतोय म्हणून दोन-तीन दिवस या नावाची एक आणि त्या नावाची एक अशा वरचेवर गोळ्या घेतल्या त्यांना तो आलेखही लागू पडत नाही, त्यांचं लिव्हर आणि लेव्हल वेगळ्या पद्धतीने बघावं लागतं. अशांनीही तपासून घ्यायलाच हवं, बरं वाटत असलं तरी.

बाकीची औषधं भराभर सांगते. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर असं काही लिहिलेलं असतं ती औषध हळूहळू सोडायलाच बनवलेली असते, १२ तास, २४ तास, तेव्हा तिचा जादा डोसही हळूहळूच चढणार. अशा गोळ्या पोटात एकमेकींना चिकटून गोळा झाला तर अजूनच उशीर. बाबांची साधी अ‍ॅम्लोडिपिनसुद्धा रक्तात सगळ्यात जास्त व्हायला ६ ते १२ तास घेते आणि दिवसभरानंतरही अर्धी-अधिक रक्तात असतेच. रक्त पातळ करायची वॉरफरिन तर दोन-तीन दिवसांनी खरा रंग दाखवते. टाकीत येणारं पाणी बंद झालं तरी टाकीत असलेलं पाणी संपेपर्यंत नळ चालतो ना, तसं वॉरफरिन रक्त गोठवणारे नवीन घटक बनणं बंद करते पण आधीचे संपेपर्यंत सगळं ठीक दिसतं. थायरॉइडची गोळी, तिचा त्रास कधी काही दिवसांनी. मनाच्या आजारावर देतात ते लिथियम मेंदूत हळूहळू शिरतं, त्यामुळे रक्तातला पहिला आकडा बघून निश्चिंत होता येत नाही.

मेथोट्रेक्सेटवर मात्र थांबते. सांधेदुखीसाठी, सोरायसिससाठी ही गोळी आठवड्यातून एकदा, एका ठरलेल्या वारी घ्यायची असते. घरात कोणीतरी ती बाकीच्या गोळ्यांसोबत रोजच्या खान्यात भरतं, पेशंट रोज घेतो, आणि पहिले काही दिवस काहीही होत नाही. मग तोंड येतं, ताप येतो, रक्तातल्या पेशी खाली जातात. तोंड आलंय म्हणून घरी मलम लावत बसतात लोक! कोणाच्याही घरात ही गोळी असेल तर आज, आत्ता उठून डबा उघडून बघा ती किती खान्यांत आहे. चूक झालेली असेल तर लगेच हॉस्पिटल गाठा, यालाही उतारा आहे, फोलिनिक अ‍ॅसिड, आणि तो जितका लवकर तितका चांगला.

आणि लहान मुलांसाठी वेगळा हिशोब. आजोबांची शुगरची एकच गोळी दोन-तीन वर्षांच्या मुलाने चघळली तरी ती इमर्जन्सी आहे, मूल खेळत असलं तरी. जुलाबावरची डायफेनॉक्झिलेट आणि अ‍ॅट्रोपिनची मिक्स गोळी असते तिने मुलांचा श्वास बऱ्याच तासांनी मंद होऊ शकतो. मुलाला "बघू रात्रभर" म्हणून घरी ठेवायचं नाही, निदान या दोन्ही बाबतीत तर बिलकुल नाही.

पुढे कधी अशी वेळ आली, तुमच्या घरात किंवा कोणाच्याही, तर उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. घशात बोटं घालणं, मिठाचं पाणी पाजणं यातलं काहीही नको, उलटी श्वासनलिकेत गेली तर नवीनच संकट, आणि मिठाने रक्तातलं सोडियम चढून माणूस अजून बिघडतो. दूधही उतारा नाही. लगेच हॉस्पिटल. बरोबर घरातल्या सगळ्या स्ट्रिप न्यायच्या, रिकाम्या पण, कचऱ्याच्या डब्यातल्या पण. दोन गेल्या की चार हे नक्की नसेल तर जास्तीत जास्त किती गेल्या असतील तो आकडा सांगायचा, लाजेपोटी कमी सांगायचा नाही. कधी घेतल्या हे माहीत नसेल तर शेवटचं कधी आणि किती वाजता सगळं नीट होतं ते सांगायचं. कोळशाची पावडर म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल देतात तिचा उपयोग साधारण पहिल्या तासाभरात सगळ्यात जास्त, म्हणून रस्त्यात चर्चा करत थांबायचं नाही. शुगर पडलीय आणि माणूस शुद्धीवर आहे, गिळू शकतोय, तर तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि निघायचं, साखर खाऊन बरं वाटलं तरी निघायचंच. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवून अ‍ॅम्ब्युलन्स.

आता दादा. बघ, तुझ्या दादाने रात्री साडेआठला कळल्या कळल्या बाबांना गाडीत घातलं, हे तुझ्या आईला कोणीतरी मोठ्याने सांगायला हवं. कितीतरी घरांत "सकाळी बघू" म्हणतात. घरी आणायचा निर्णय चुकला, हो, चुकला, त्याला गोड करून सांगण्यात अर्थ नाही आणि त्यालाही ते कळलेलंच आहे. पण त्याने डोळ्यासमोर हसता-बोलता माणूस बघितला, १३० चा रिपोर्ट बघितला, बाबांचा हट्ट बघितला आणि त्यावरून ठरवलं. हे औषध असं फसवतं हे त्याला माहीत असायचं काहीच कारण नव्हतं. तू त्याला हे उत्तर वाचायला दे. आणि आईशी तू बोल, दादा समोर नसताना, तिला सांग की सारखं ऐकवून पुढच्या वेळी घरात काही चूक झाली तर ती लपवली जाईल, आणि गोळ्यांच्या बाबतीत लपवणं हेच सगळ्यात महागात पडतं. बाबांनाही जादा गोळ्या घेतल्या ते उद्या कबूल करायची भीती वाटता कामा नये. आईच्या त्या बोलण्यामागे भीतीच आहे, तेही तुला दिसतच असेल.

एक प्रश्न तू विचारला नाहीस पण मी विचारणार. बाबांनी गोंधळूनच घेतल्या ना? तू तसं लिहिलंयस आणि बहुतेक तसंच असेल. तरी एकदा शांतपणे, एकटे असताना, सरळ शब्दांत विचार, "बाबा, चुकून झालं का मनात काही दुसरं होतं, जगणं नकोसं वाटत होतं का?" असं विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट ज्याच्या मनात असेल त्याला बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं, किंवा गप्प बसून डोळ्यांत पाणी आलं, तर रागावू नकोस, लेक्चर देऊ नकोस, त्यांना एकटं सोडू नकोस, सगळ्या गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात कुलपात आणि त्याच दिवशी डॉक्टर. आणि हे वाचणाऱ्या कोणी स्वतः जादा गोळ्या घेतल्या असतील आणि आता बरं वाटतंय म्हणून कोणाला सांगायची लाज वाटत असेल तर प्लीज, आत्ता घरातल्या किंवा शेजारच्या कोणालाही उठवा, तुमच्या भागातल्या इमर्जन्सी नंबरला फोन करा आणि हॉस्पिटलमध्ये जा. बरं वाटतंय तेव्हाच उपचार सगळ्यात चांगले लागू पडतात. तिथे कोणी तुमचा न्याय करायला बसलेलं नसतं, आणि बसलं तरी तुमचा जीव त्यापेक्षा मोठा आहे.

गोंधळ असेल तर तो आत्ताच सुरू झालाय का, विसरणं वाढलंय का, हेही डॉक्टरांना सांग. डबा चांगला आहे पण आठवडाभराचा डबा बाबांच्या हाताशी ठेवू नका, एका वेळेच्या गोळ्या वाटीत काढून एकाच माणसाने द्यायच्या, आई किंवा वहिनी, कोणी ते ठरवा, आणि दिल्या की कॅलेंडरवर खूण. गोळी घेतली का नाही आठवत नसेल तर आठवत नाही म्हणून परत घ्यायची नाही, आधी डॉक्टरांना नाहीतर औषधवाल्याला विचारायचं. हॉस्पिटलमधून नवीन गोळ्या दिल्या असतील तर जुन्या आणि नव्या स्ट्रिप शेजारी ठेवून मोठ्या नावाखालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाच. कंपनी वेगळी, रंग वेगळा, आणि आत तेच औषध, असं होऊन लोक महिनोन्महिने डबल डोस घेत असतात. तुझ्या यादीत मला तसं दिसलं नाही, पण डिस्चार्जनंतरची यादी तू पाठवलेली नाहीस.

पुढच्या भेटीला फाइल आणि डबा दोन्ही घेऊन जा आणि डॉक्टरांना एवढं विचार : बाबांचं वय आणि किडनी बघता ग्लिमेपिराइड चालू ठेवायची का, शुगर पडायचा धोका कमी असलेली दुसरी गोळी बसते का, आणि रात्री शुगर कितीच्या खाली दिसली तर फोन न करता थेट यायचं. तो आकडा लिहून घे आणि ग्लुकोमीटरच्या डबीवर चिकटव, दादालाच चिकटवायला सांग.